खत आणि गुलामगिरी : सुप्याच्या उठावाची एक शब्दमीमांसा

१

इ. स. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या तेथील लोकांना ते अर्पण केलेले आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले. त्यांनी सावकारांकडे वह्या व खते मागितली आणि हाती आलेले कागद जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होते. या घटनेला सरकारी अहवालाने ‘दंगा’ म्हटले. पुढे मराठी पाठ्यपुस्तकांनी व इतिहासग्रंथांनी ‘दख्खनचे दंगे’ हे नाव जसेच्या तसे स्वीकारले.

एकाच काळी आणि एकाच मुलखात शेतकऱ्याच्या स्थितीला ‘गुलामगिरी’ व त्याच्या कृतीला ‘दंगा’ ही दोन नावे मिळाली. या दोन शब्दांची एकमेकांशी गाठ घालून पाहण्याचा प्रयत्न फारसा झालेला नाही. स्थिती जर गुलामगिरीची असेल, तर तिच्याविरुद्ध झालेली कृती गुलामांच्या उठावांच्या इतिहासात बसली पाहिजे. कृती जर केवळ दंगा असेल, तर ‘गुलामगिरी’ हा शब्द निव्वळ अलंकार ठरतो. ही दोन्ही टोके टाळून, सुप्याची घटना त्या व्यापक इतिहासाशी नेमकी कोठे जुळते व कोठे जुळत नाही, हे ठरविणे आवश्यक आहे. त्यासाठी शब्दांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. कारण या प्रकरणात ज्यावर हल्ला झाला ती वस्तू मुळात लिहिलेले शब्दच होते.

२

महाराष्ट्रात गुलामगिरी होती ती केवळ उपमेपुरती नव्हे. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणींची व बटकींची खरेदी-विक्री, त्यांची देणगी आणि त्यांची मुक्तता यांचे उल्लेख पुष्कळ आढळतात. दळणकांडण, कोठारे, पागा, किल्ल्यांवरील कामे अशा अनेक ठिकाणी त्या राबत. दुष्काळात विकल्या गेलेल्या, पळवून आणलेल्या, किंवा व्यभिचाराच्या आरोपावरून शिक्षा म्हणून दासी केलेल्या स्त्रिया त्यांत असत. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा १८३३ चा कायदा कंपनी सरकारच्या मुलखाला लागू नव्हता. येथे १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीचा हक्क न्यायालयात मान्य करण्याचे बंद झाले आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला.

भाषेच्या दृष्टीने यातील ‘कुणबीण’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. ‘कुणबी’ हा शब्द संस्कृत ‘कुटुम्बिन्’ यापासून आला. ज्याला घर आहे, कुटुंब आहे, तो कुणबी. त्याचे सरळ स्त्रीलिंगी रूप ‘कुणबीण’. परंतु मोल्सवर्थच्या कोशाच्या काळापर्यंत या रूपाचा रूढ अर्थ ‘दासी’ असा झालेला होता. म्हणजे पुल्लिंगी रूपात जो शब्द गृहस्थाचा वाचक, तोच स्त्रीलिंगी रूपात स्वतःचे घर नसलेल्या स्त्रीचा वाचक ठरला. शेती करणारा समाज आणि गुलाम होणारा समाज यांच्यामधील कुंपण किती ठेंगणे होते, हे या एका रूपावरून दिसून येते. दुष्काळाचे एक वर्ष ते कुंपण ओलांडावयास पुरे होई.

‘कूळ’ या शब्दाची गोष्टही अशीच आहे. वंश अथवा कुटुंब या मूळ अर्थापासून तो सरकारी सारा भरणारा रयत, दुसऱ्याची जमीन कसणारा आणि सावकाराचा ऋणको या तिन्ही अर्थांनी वापरला गेला. सरकारचे कूळ, जमीनमालकाचे कूळ आणि सावकाराचे कूळ हे तीन संबंध कायद्याच्या दृष्टीने भिन्न आहेत. भाषेने ते एकाच शब्दात साठविले, कारण व्यवहारात ते बहुधा एकाच माणसाच्या ठायी एकत्र येत. उलट ‘सावकार’ हा शब्द ‘साधुकार’ यापासून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थ सचोटीचा मनुष्य असा. ‘खत’ म्हणजे अरबीत रेघ, लेखन. ‘फारकत’ या शब्दामागे सुटकेचा लेख असा अर्थ आहे. कर्ज फिटल्याचा कागद तो फारकत, आणि नवराबायकोची काडीमोड तीही फारकत. जोडणे आणि सुटणे या दोन्ही क्रिया कागदाने होतात, ही समजूत या शब्दव्यवहारात पक्की बसलेली आहे. सुप्याच्या बाजारात जे घडले त्याचा अर्थ लावताना ही समजूत नजरेआड करता येत नाही.

३

कागदाला एवढे बळ कोठून आले, याचे उत्तर बारामती-इंदापूरच्या मुलखातच मिळते. इंग्रजी अंमलाच्या आरंभी प्रिंगल यांनी केलेली सारापद्धती फसली. तिच्या दुरुस्तीसाठी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नवी पाहणी केली. पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरलेल्या जमीन-मोजणी पद्धतीचा तो आरंभ होय. आकार तीस वर्षांसाठी कायम झाला आणि प्रत्येक शेताला क्रमांक व प्रत्येक शेतकऱ्याला खाते मिळाले. जमिनीवरील हक्क स्पष्ट झाला. त्याबरोबर जमीन तारण ठेवण्याजोगी झाली. सावकार पूर्वी पिकाकडे पाहून उसनवार देत असे. आता तो जमिनीकडे पाहून कर्ज देऊ लागला.

१८५९ साली दोन कायदे झाले. दिवाणी कार्यपद्धतीच्या संहितेने न्यायालयाचा मार्ग सावकाराला सोपा करून दिला. मुदतीच्या कायद्याने साध्या खताचे आयुष्य तीन वर्षांपुरते ठेवले. यातील दुसऱ्या कायद्याचा हेतू जुनी देणी वर्षानुवर्षे साचू नयेत, हा होता. परिणाम उलट झाला. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई. त्यात मुद्दल व थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियम होता. पण व्याजच मुद्दलाच्या नावाने लिहिले गेल्यावर तो नियम लावावयाचा कशास? खतावर अंगठा किंवा नांगराची निशाणी करणाऱ्याला त्यात काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते, आणि न्यायालय खतात लिहिलेले तेवढेच प्रमाण मानीत होते.

याच सुमारास दूरच्या एका युद्धाने या मुलखाचे अर्थकारण हलविले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला भाव चढला. भीमथडी व इंदापूर हे मुख्यतः ज्वारी-बाजरीचे तालुके; तथापि तेजी एका पिकापुरती राहिली नाही. सर्व धान्यांचे भाव वाढले, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळू लागली आणि सावकाराचा हात सैल झाला. युद्ध संपले तेव्हा भाव उतरले, कर्ज मात्र उतरले नाही. तीस वर्षांची मुदत संपून इंदापूरच्या साऱ्याची फेरआकारणी १८६७ मध्ये झाली ती तेजीची वर्षे डोळ्यांपुढे असतानाच. वाढ इतकी भारी होती की भीमथडीसह इतर तालुक्यांतूनही गाऱ्हाणी वाढत गेली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने या प्रश्नाची चौकशी हाती घेतली. अखेर १८७४ मध्ये सरकारने वाढीवर मर्यादा घातल्या : तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खात्यावर १०० टक्के. मर्यादा म्हणून जे आकडे घालावे लागले त्यांवरून मूळ वाढीची कल्पना यावी.

जे युद्ध अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेला कारण झाले, त्याच युद्धाच्या चढउतारात दख्खनच्या शेतकऱ्याचे कर्ज वाढले, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा भाग नाही. गुलामांच्या श्रमावर उभा असलेला कापसाचा व्यापार आणि भीमथडीच्या सावकाराची पेढी ही एकाच बाजारपेठेची दोन टोके होती.

४

१२ मे १८७५ ची घटना एकाएकी उद्भवली नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे एका मारवाडी सावकाराने गावच्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळविला, आणि त्यातून त्या सावकारावर गावाने बहिष्कार घातला. बहिष्काराची ही रीत इतर गावांत पसरली. इंदापूर तालुक्यातील कळस येथील गावकऱ्यांनी केलेले संमतिपत्र याचा बोलका पुरावा आहे. सावकारांची जमीन कोणी कसू नये, न्हावी, परीट, सुतार, लोहार आदी बलुतेदारांनी त्यांचे काम करू नये आणि जो हा ठराव मोडील त्याला जातीच्या पंक्तीत व सोयरिकीत स्थान राहू नये, असा त्याचा आशय. लिखित खताला लिखित कराराने दिलेले हे उत्तर होय. ज्यांना खत वाचता येत नव्हते त्यांनीही आपली एकजूट कागदावरच उतरवून घेतली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सुप्यास वह्या व खते यांच्या होळीबरोबर दुकानांची लूट झाली व आगही लागली. पुढच्या दोन महिन्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हीच क्रिया घडली. बहुतेक ठिकाणी मागणी एकच होती : कागद द्या. कागद मिळाले तेथे हिंसा सहसा पुढे गेली नाही. प्राणघातक अत्याचार जवळजवळ झालेच नाहीत. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली व त्यांपैकी ५०१ जणांना शिक्षा झाली. पुणे जिल्ह्याचे आकडे अनुक्रमे ५५९ व ३०१ असे आहेत.

जमावाने शेकडो माणसांच्या रागाला एक निश्चित लक्ष्य दिले, आणि ते लक्ष्य माणूस नसून दस्तऐवज होते. या निवडीमागे परिस्थितीचे एक वाचन आहे. आपले बंधन सावकाराच्या बळात नाही. ते न्यायालय ज्याला प्रमाण मानते त्या लेखात आहे, हे शेतकऱ्याने ओळखले होते. निरक्षर माणसाने केलेले हे कायद्याचे परीक्षण त्या काळच्या अनेक साक्षर निरीक्षकांच्या परीक्षणापेक्षा अधिक अचूक होते.

५

सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल १८७६ मध्ये तयार झाला. दख्खनच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेवर त्याने जमविलेली माहिती आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. तरी त्याचे वाचन करताना दोन गोष्टींची सावधगिरी हवी.

पहिली गोष्ट नावाची. ‘दंगा’ हे वर्णन नसून आरोप आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या कलम १४६ प्रमाणे बेकायदा जमावाने समान उद्देशासाठी बळ वापरले म्हणजे दंगा होत असे. न्यायाधीशाला शिक्षा देण्यासाठी गुन्ह्याचे नाव लागते; इतिहासकाराला तेच नाव वापरण्याचे बंधन नाही. ‘दंगा’ या शब्दाने घटनेला आरंभ व शेवट मिळतो, पण हेतू मिळत नाही. मराठीत ‘बंड’ हा शब्द उपलब्ध होता. तो वापरला असता तर कशाविरुद्ध, हा प्रश्न लगेच उभा राहिला असता. ‘दंगा’ या शब्दाने तो प्रश्न उपस्थित होत नाही. शेतकऱ्यांचे मूळ मराठी शब्द, अगदी कळसच्या संमतिपत्रासारखा लेखही, इतिहासग्रंथांत मुख्यतः इंग्रजी अनुवादातून आले. घटनेचे नाव इंग्रजीतून, पुरावा इंग्रजीतून, आणि मग मराठीत त्यांचे भाषांतर, असा हा उलटा प्रवास आहे.

दुसरी गोष्ट कारणमीमांसेची. अहवालाचा भर सावकार व शेतकरी यांच्या संबंधावर आहे. मंडळाचे एक सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी स्वतंत्र टिपण जोडून सारावाढीला अधिक दोष दिला, हे त्याच्या अंतर्गत मतभेदाचे द्योतक आहे. सावकार परका, लोभी व कागदपंडित ठरला की त्याच्या कागदाला बळ देणारी सत्ता आपोआप पडद्याआड जाते.

अलीकडच्या संशोधनाने या चित्रात भर घातली आहे. रवींदर कुमार यांनी १९६८ मधील ग्रंथात रयतवारी व नवी न्यायालये यांनी कुणबी व वाणी यांचा जुना संबंध कसा विस्कटला हे दाखविले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ च्या लेखात या दंग्यांचे महत्त्व अवास्तव वाढविले गेले, असा आक्षेप घेतला. चार्ल्सवर्थ यांचा आक्षेप व्याप्तीपुरता मान्य करता येईल; उठाव थोड्या तालुक्यांत व थोड्या आठवड्यांत आटोपला, हे खरेच. परंतु व्याप्तीवरून अर्थ ठरत नाही. एखाद्या उठावाने किती गावे पेटली हा एक प्रश्न. त्याने कशाला हात घातला हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या आकडेवारीत सापडत नाही.

६

आता गुलामांच्या उठावांशी तुलनेकडे वळता येईल. १७९१ च्या ऑगस्टमध्ये आजच्या हैतीतील फ्रेंच वसाहतीत गुलामांनी उठाव केला व १ जानेवारी १८०४ रोजी ते स्वतंत्र झाले. सी. एल. आर. जेम्स यांच्या १९३८ च्या ग्रंथाने हा इतिहास जगापुढे ठळकपणे मांडला. युजीन जेनोव्हीझ यांनी १९७९ मध्ये गुलामांच्या उठावांचे दोन वर्ग केले : आपल्यापुरती सुटका करून घेऊन जुन्या जीवनाकडे परतू पाहणारे उठाव, आणि हैतीनंतरचे, गुलामगिरीची संस्थाच मोडू पाहणारे उठाव. या कसोटीवर सुप्याचा उठाव पहिल्या वर्गाच्या जवळ येतो. शेतकऱ्याने कर्ज ही संस्था नाकारली नाही; उद्या बी-बियाणासाठी पुन्हा सावकाराच्या दारी जावे लागेल हे त्याला ठाऊक होते. त्याचा तंटा लेखाशी होता.

शिवाय सुप्याचा शेतकरी कायद्याने गुलाम नव्हता. त्याला कोणी विकत घेतले नव्हते, त्याची मुले जन्मतः दुसऱ्याच्या मालकीची नव्हती, आणि जमीन त्याच्याच नावावर होती. हा भेद पुसून टाकणे म्हणजे जमैकाच्या मळ्यावरील माणसाचे व शनिवारवाड्यातील कुणबिणीचे दुःख स्वस्त करणे होय.

तुलना खरी अर्थवाही ठरते ती उठावांच्या उत्तरकांडाबाबत. हैतीला स्वातंत्र्य मिळाले. परंतु १८२५ मध्ये फ्रान्सने आपल्या मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. १८३८ मध्ये ही रक्कम कमी झाली, तरी मुक्त झालेले राष्ट्र फ्रेंच पेढ्यांचे ऋणको होऊनच उभे राहिले. जमैकात १८३१ च्या डिसेंबरात सॅम्युएल शार्प यांच्या पुढारीपणाखाली मोठा उठाव झाला. १८३३ चा मुक्ततेचा कायदा होण्यास त्याचा हातभार लागला. त्या कायद्याने २ कोटी पौंड भरपाई दिली ती गुलामांच्या मालकांना. गुलामांना १८३८ पर्यंत उमेदवारीच्या नावाखाली राबावे लागले. मॉरिशससारख्या वसाहतींत त्यांच्या जागी करारी मजूर गेले; त्यांत मराठी मजूरही होते. उत्तर हिंदुस्थानातील मजुरांनी आपल्या स्थितीला ‘गिरमिट’ हे नाव दिले, आणि तो ‘अॅग्रीमेंट’ या शब्दाचाच अपभ्रंश आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत १८६५ नंतर मुक्त झालेला शेतकरी वाट्याने जमीन कसू लागला व उभे पीक तारण ठेवून दुकानदाराच्या वहीत अडकला.

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र दिसते. मालकी हक्काची जागा करार घेतो आणि साखळीची जागा खत घेते. गुलामाच्या मुक्ततेनंतर जी स्थिती येते, त्याच स्थितीत भीमथडीचा शेतकरी कधीही गुलाम न होता येऊन पोचला होता. म्हणून सुप्याची घटना गुलामांच्या उठावांच्या इतिहासात न घालता त्या इतिहासाच्या पुढच्या प्रकरणात घातली पाहिजे. कायद्याने स्वतंत्र असलेल्या माणसाने लेखी बंधनाविरुद्ध केलेल्या उठावांचे ते प्रकरण होय. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा शब्द विस्तृत अर्थाने वापरला, त्याचे समर्थनही येथेच सापडते. मालकाविना चालणारी गुलामगिरी असू शकते, हे त्यांनी ओळखले होते.

७

उठावाचे तात्कालिक फळ म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. मधल्या काळात १८७६-७८ चा दुष्काळ पडला होता, आणि त्याच १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. पुणे, अहमदनगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांना लागू झालेल्या या कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा दिली, मुद्दल व व्याज वेगळे करावयास लावले आणि कर्जापायी शेतकऱ्याची अटक थांबविली. शेतकऱ्याचे दस्त गावच्या नोंदणी कामगारासमोर लिहिले जावेत, अशीही तरतूद केली. लेखात लिहिले तेच सत्य, हे तत्त्व सरकारने चार जिल्ह्यांपुरते सोडून दिले. सुप्याच्या जमावाचे म्हणणे, त्याला शिक्षा दिल्यानंतर चार वर्षांनी, कायद्याने अंशतः मान्य केले असाच याचा अर्थ होतो.

परंतु मान्य केले ते कोणत्या रीतीने, हे पाहिले पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या वतीने वाचणारा आणखी एक लेखक नेमण्यात आला. शेतकरी लेखाचा विषयच राहिला. कर्ता झाला नाही. सावकारांनीही लवकरच वाट काढली. गहाणखताऐवजी ते खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि जमीन परत देण्याचा तोंडी शब्द तोंडीच राहिला. कागदाचा दोष दुसऱ्या कागदाने काढावयाचा, ही या सुधारणेची मर्यादा होती.

उठावाच्या स्वतःच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हल्ला जवळजवळ केवळ मारवाडी व गुजर सावकारांवर झाला. त्याच गावांतील ब्राह्मण व इतर सावकार सहसा वाचले. परकेपणाचा राग आणि ऋणाचा राग यांची सरमिसळ झाल्यामुळे सावकारी ही संस्था न दिसता सावकाराची जात दिसली. बहिष्काराची धार होती ती बलुतेदारांच्या सेवेत व जातीच्या शिक्षेत. ज्या बलुतेदारांनी काम बंद करावयाचे, त्यांच्या स्वतःच्या बांधिलकीचा प्रश्न कोणत्याही ठरावात आला नाही. गावकीची वेठ तशीच राहिली. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले, आणि अशी कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. खताने बांधलेला माणूस आणि जन्माने बांधलेला माणूस एकाच गावात राहत होते. १८७५ च्या होळीने त्यांतील पहिल्याचाच कागद जाळला, कारण दुसऱ्याच्या बंधनाला कागदाची गरज नव्हती. कुणबिणीच्या बाबतीत तर ‘उठाव’ हा शब्दच अपुरा पडतो. तिच्या प्रतिकाराची वाट होती ती पळून जाण्याची.

या पार्श्वभूमीवर फुल्यांची १९ ऑक्टोबर १८८२ ची हंटर शिक्षण आयोगापुढील साक्ष वाचली म्हणजे तिचे सुप्याशी असलेले नाते उलगडते. सरकारचा शिक्षणावरील पैसा शेतकऱ्यांच्या साऱ्यातून येतो व त्याचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, म्हणून प्राथमिक शिक्षण शूद्रातिशूद्रांपर्यंत सक्तीने पोचवावे, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये त्यांनी सावकाराबरोबरच कचेरीतील लेखणीवाल्यांना जबाबदार धरले. १८७९ च्या कायद्याने निरक्षर ऋणकोला सरकारी लेखक दिला. फुल्यांनी ऋणकोच्या मुलाला लेखणी मागितली. सुप्याच्या होळीला मिळालेल्या या दोन उत्तरांतील अंतर हे दया आणि मुक्तता यांमधील अंतर आहे.

नीरेच्या डाव्या कालव्याने पुढे बारामती व इंदापूर या तालुक्यांचे रूप पालटले. ज्वारी-बाजरीच्या शेजारी ऊस आला, १९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतपेढ्या आल्या, आणि सावकाराच्या खताच्या जागी संस्थेचा रोखा आला. सुप्याच्या उठावानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ऑक्टोबर १९७५ मध्ये, कर्जापोटी श्रम गहाण ठेवण्याची पद्धत वटहुकमाने रद्द करावी लागली व १९७६ मध्ये तिचा कायदा झाला. शंभर वर्षांनंतरही असा कायदा करावा लागला, यावरून खत व गुलामगिरी यांचा संबंध इतिहासजमा झाला नव्हता हे सिद्ध होते. त्या संबंधाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने सुप्याचा कागद केवळ ‘दंगा’ या सदराखाली ठेवू नये. कोणी, कोणत्या भाषेत, कोणासाठी लिहिले आणि ज्याच्यावर लिहिले गेले त्याला ते वाचता येत होते काय, हा प्रश्न १२ मे १८७५ रोजी विचारला गेला. गुलामगिरी गेली असे जेथे जेथे सांगितले जाते, तेथे तेथे तो पुन्हा विचारावा लागतो.